फटफटीचं दावं

खोक्यात हात घातला, आणि जिथं साखळी लागायला हवी होती तिथं नुसता भुसा लागला. मी हात आणखी आत घातला, पार कोपरापर्यंत. पुढचं दातेरी चाक लागलं, मागचं लागलं, मधे काहीच नाही. उगाच पुन्हा एकदा चाचपलं, कारण माणूस असा मूर्खच असतो, खिशात पाकीट नाही हे कळल्यावरही चारदा खिसा बघतो. नाकेदार पान चघळत माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याचा काही दोष नव्हता. निजामी हद्दीतून बाहेर जाणारा माल उघडून बघायचा ही त्याची नोकरी, आणि तो बिचारा म्हणालाही होता, "वकीलसाब, आपकी बात अलग है, मगर खोलना तो पडता." मीच ऐटीत खोक्याची फळी काढायला लावली होती. मोटारसायकल बघून त्याचे डोळे दिपावेत असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आता तो विचारत होता, "क्या हुआ? कुछ गुम?" आणि आमचा बिभीषण, ज्यानं हे खोकं स्वतःच्या हातानं भरलं आणि ठोकलं, तो एकाएकी बैलांकडं वळून नीट असलेलं जू आणखी नीट करायला लागला होता.

"बिभीषण," मी म्हणालो, "साखळी कुठंय?"

"कंची साखळी, मालक?"

"कंची म्हंजी? फटफटीला धा साखळ्या असत्यात का बे?" राग आला की माझी हैदराबादच्या कॉलेजातली मराठी पळून जाते आणि आमच्या कडा गावची मराठी येऊन बसते.

"ती व्हय," तो म्हणाला. "ती घरी हाय."

"घरी कावून?"

"माईसाबानं ठिवून घेतली. दावं म्हून."

मी खाली बसलो. खरोखर, त्या नाक्यावरच्या धुळीत, नव्या कोऱ्या खाकी पॅन्टीत मी खाली बसलो. बिभीषणाला आणखी काही विचारायची गरजच नव्हती, कारण तो एक शब्द बोलला आणि मला सगळं कळलं. मी त्याच घरचा आहे ना. आमच्याकडं जनावर विकलं, की गिऱ्हाइकाच्या हाती जनावर द्यायचं, त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नाही. दावं काढून गोठ्याच्या खुंटीला टांगायचं. दावं गेलं तर त्याच्यामागून गोठ्याची बरकत जाते, गोठा ओस पडतो. गिऱ्हाईकही शहाणा असतो, येतानाच स्वतःचं दावं घेऊन येतो. यात भांडण नाही, सौदा नाही, हे असंच असतं. आणि माझ्या मायनं, केसरबाई देशमुखीण, जिला सगळा कडा गाव माईसाब म्हणतो, तिनं माझी फटफटी गोठ्यातून निघाली म्हणून तिचं दावं काढून घेतलं होतं. कारण फटफटी उभी होती गोठ्यात. मीच उभी केली होती, पावसाळी हवेची भीती नको म्हणून. माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला.

"आरं पर साखळीच का?" मी ओरडलो. "तिच्याबिगर चाक फिरत न्हाई! गाडी चालत न्हाई!"

बिभीषणानं शांतपणे समजावून सांगितलं, जसा मी पक्षकाराला समजावतो. "मी म्हनलं माईसाबाला, हिचं दावं कंचं आपुनला काय ठावं. माईसाब म्हनल्या, जेच्यानं बांधलीय ते सोड. म्या बगितलं, तर बांधलेली तर साखळीनंच हाय. दुसरं काय बांधलेलं दिसंना. मंग सोडली. लई कडक हुती, मालक, खिळा काढाया टाइम लागला." मग जरा थांबून म्हणाला, "आन लंकेत नवं दावं आनतीलच की. बोटवाले काय मोकळ्या हातानं येत्यात व्हय?"

आता हसू की रडू? नाकेदार तर हसलाच. त्याला दख्खनीत सगळं समजावून सांगितल्यावर तो मान हलवून म्हणाला, "माँ है, साब," आणि पिंक टाकायला बाहेर गेला. जणू त्यात सगळं आलं. जणू माँ असली की कोणाचीही साखळी काढून खुंटीला टांगायची मुभा असते. लंकेला, म्हणजे कोलंबोला, जाणारी माझी बोट शनिवारी मुंबईहून सुटणार होती. नगरहून उद्या सकाळची गाडी मिळाली तर बोट मिळणार होती, आणि ही बोट चुकली तर झालं, कायमचं झालं. कोर्टाच्या सुटीनंतर मला मुन्सफी मिळायची होती, आणि मुन्सफानं चामड्याची टोपी घालून फटफटीवर मुलखात हिंडायचं हे कोणत्या सरकारला चालेल? माझ्या उभ्या जन्मात मी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती कड्याच्या गोठ्यात, बैलांच्या दाव्यांशेजारी, खुंटीला लोंबत होती.

आणि किती मिनत्या करून इथवर आलो होतो मी! हॉस्टेलात माझ्या खोलीतल्या एका मुलाकडं चहाचा पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणावर सिलोनचं चित्र होतं. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नारळीची झाडं, मधून जाणारा रस्ता, आणि रस्त्यावर कोणीही नाही. बैलगाडी नाही, मेंढरं नाहीत, "कुनाचा रं तू?" विचारणारा म्हातारा नाही. त्या रस्त्यावरून आपण एकटं जावं, फटफट आवाज करत, बस्स. एवढंच. पण एवढं बोललो आणि ज्यानं त्यानं माझा छळ मांडला. बोटकंपनी डिसेंबर म्हणते, निजामी कोर्ट त्याच महिन्याला बहमन म्हणतं, आणि माय म्हणते मार्गशीर्षात गुरुवारी निघू नये. निजामी नंबराची गाडी इंग्रजी हद्दीत चालवायची तर वेगळा परवाना, तो काढायचा तर नगरला खेटे, म्हणून म्हटलं खोक्यातच घालून न्यावी. तर आमचा सुतार म्हणतो, एवढं लांब खोकं कोणासाठी, घरात कोणी गेलं का? बायको, वच्छला, बीडच्या घरात बसून म्हणाली, "जा एकदाचे, म्हणजे रोजचं लंकापुराण तरी थांबेल." आणि गावात तर काय, पारावर बसलेल्या प्रत्येकाला तोच एक विनोद सुचला. लंकेला चाललाव वकीलसाब, आन बिभीषणाला हितंच ठिवून? बिभीषणही दर वेळी हसायचा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. आमच्या गोठ्याचं सगळं त्याच्याकडं, बाप-आजापासून मेंढरं राखणारा माणूस, पेट्रोल काढून ठेव म्हटलं तर ते चिमणीत घालायला निघाला होता. देवानं वाचवलं, नाहीतर घरच गेलं असतं.

शेवटी मी उठलो, कपडे झटकले आणि नाकेदाराचं तट्टू मागून घेतलं. बिभीषणाला म्हटलं, खोक्याजवळून हलशील तर बघ. तो म्हणाला, "कुठं जातो मी," आणि खोक्याच्या सावलीत आडवा झाला. तर असा मी, मोटारसायकलीचा मालक, फटफटीवर घालायचा काचेचा चष्मा कपाळावर सरकवलेला, पाय जवळजवळ जमिनीला टेकताहेत अशा तट्टावर बसून आल्या वाटेनं माघारी निघालो. तट्टाला पळायचं माहीत नव्हतं. टाच मारली की ते थांबायचं आणि मागं वळून बघायचं. माझं नशीबच असं आहे, मला वाहन मिळतं ते मागं वळून बघणारं.

दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, ज्वारी पोटऱ्यात आलेली होती, ऊन कोवळं होतं, आणि मला हे सगळं बघून चीड येत होती. रागात असताना हवा चांगली असली की आणखी राग येतो. मी मनात मायशी भांडत होतो. भांडण चांगलं रंगलं होतं, मुद्दे सुचत होते. माय, तू मला विकलं नाहीस. फटफटीही विकली नाहीस. ती माझी आहे, मी तिला फिरवून परत आणणार आहे, मग दावं ठेवायचा प्रश्न येतो कुठं? कोणत्याही कोर्टात मी हा मुकदमा जिंकला असता. पण मायच्या कोर्टात मी एकही मुकदमा आजवर जिंकलेलो नाही, कारण ती समोर बोलतच नाही, ती करून मोकळी होते. आणि कधीपासून करते आहे हे, मला आठवेना, म्हणजे आठवत होतं पण त्या बाजूला मला जायचं नव्हतं. तट्टू मात्र त्याच बाजूला चाललं होतं.

ते निघाले तेव्हा मी लहान होतो. ते म्हणजे माझे वडील, त्रिंबकराव. जर्मनच्या लढाईत फौजेला खेचरं पुरवायचा मक्ता त्यांनी घेतला होता, आणि खेचरं बसऱ्याला पोहोचवायला, हौस म्हणून, स्वतःच जातो म्हणाले. हौस! हा शब्द मी नंतर घरात कधी ऐकला नाही. वाड्यासमोर खेचरांची रांग होती, धूळ होती, मी कोणाच्या तरी खांद्यावर होतो, आणि माय एका एका खेचराजवळ जाऊन त्याच्या गळ्यातलं दावं सोडत होती आणि फौजेच्या माणसांनी आणलेली नवी दावी अडकवत होती. वडील हसत होते. म्हणाले, "अगं, एक तरी जाऊ दे त्यांच्यासंगं." माय म्हणाली, न्हाई. तिच्या हातांवर दाव्यांचा गठ्ठा वाढत चालला होता, शेवटी तिचं तोंड दिसेनासं झालं. मग वडील घोड्यावर बसले आणि गेले. पुढं काही नाही. पत्र नाही, तार नाही. कोणी म्हणालं तापानं गेले, कोणी म्हणालं तिकडंच दुसरं घर केलं. माय कपाळावर कुंकू लावते. अजून लावते. कोणाची छाती नाही तिला विचारायची, माझी तर नाहीच. बसरा कुठं आहे, असं मी एकदा विचारलं होतं, तर बिभीषणाच्या बापानं हात पसरून सांगितलं होतं, "समुंदराच्या पल्याड." त्यानंतर कित्येक दिवस मी समुद्र म्हणजे काय ते ज्याला त्याला विचारत फिरलो. मी लंकेला जातोय, बसऱ्याला नाही. हे मी त्या तट्टाला मोठ्यानं सांगितलं. त्यानं कान हलवले.

घरी पोचलो तेव्हा माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. "आलास व्हय रं सुंदर," एवढंच म्हणाली, बाजारातून आल्यासारखं.

"साखळी कुठंय?"

"गोठ्यात हाय की. जाती कुठं?"

मी गोठ्यात गेलो. ती मागून आली, पदराला हात पुसत. भिंतीला खुंट्यांची रांग आहे, प्रत्येक खुंटीला दावं. काही इतकी जुनी की हात लावला तर भुगा व्हावा. मायला ती सगळी ठाऊक आहेत. हे ढवळ्याचं, हे मारक्या गायीचं, हे त्या काळ्या वासराचं जे कड्याच्या बाजारात रडलं होतं. मी लहानपणापासून हे ऐकलंय आणि कंटाळलोय. शेवटच्या खुंटीला माझी साखळी होती. तिला हळदकुंकू लावलं होतं. आणि, देवा रे, ती राखेनं घासून काढली होती, चांदीच्या तोड्यासारखी लखलखत होती, आणि करडीच्या तेलाचा वास येत होता.

"काळं लई हुतं गं बया तिच्यावर," माय म्हणाली. "दोन येळा घासली."

"ते वंगण होतं, माय! मुद्दाम लावतात!"

"मंग तेल लावलंय की म्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग बोललो. तट्टावर बसून तयार केलेलं सगळं बोललो, मुद्द्यांसकट. ती खाली बघून ऐकत होती, आणि ती ऐकतेय हे बघून मला आणखी चेव आला. वकिलाला समोरचा गप्प बसला की आवरत नाही. मी म्हणालो, "आणि माय, दावं ठेवलं म्हणून गेलेलं जनावर कधी परत आलंय का? सांग, एक तरी? दावं ठेवलं की त्याच्या जागी दुसरं जनावर येतं, तूच सांगतेस. ढवळ्या गेला, पवळ्या आला. मग माझी साखळी ठेवून काय करणार आहेस? माझ्या जागी दुसरा सुंदर आणणार आहेस?"

बोललो आणि कळलं की हे बोलायचं नव्हतं.

माय भिंतीच्या कोपऱ्याकडं गेली. तिथं एकाच खुंटीला कितीतरी दावी एकत्र होती, एकात एक गुंतलेली, धुळीनं एकरंगी झालेली. मी ती रोज बघायचो आणि कधी विचारलं नव्हतं कुणाची म्हणून. तिनं त्यांच्यावर हात ठेवला.

"ही खेचराची," ती म्हणाली. "समद्यांची ठिवली. एक बी सोडली न्हाई. तुझा बाप हसत हुता." ती थांबली. "त्याचं काय ठिवलं न्हाई बाबा म्या. मानसाचं बी ठिवायचं असतंय, हे मला कोन सांगनार? म्या काय इकत हुते का त्याला?"

गोठ्यात एक बैल रवंथ करत होता, त्याचा आवाज मोठा वाटायला लागला. इतकी वर्षं तिच्याकडं फक्त एवढंच होतं, ठेवलं असतं तर आला असता हा एक मुद्दा, आणि तो तिनं कोणाला सांगितला नव्हता, आणि मी तो तिच्याकडून असा काढून घेतला होता. ती पुढं आली, खुंटीवरची साखळी काढली, पदरानं पुन्हा एकदा पुसली आणि माझ्या हातात दिली.

"धर. चुकलंच माजं. तुज्या गाडीचं अडतंय म्हनतोस तर ने. मला काय म्हाईत तिचं." मग म्हणाली, "भाकर खाऊन जा. वांग्याचं भरीत हाय."

"वेळ नाही, माय."

"मंग बांधून देते."

ती आत गेली. मी साखळी हातात घेऊन उभा राहिलो, जिंकलेल्या माणसासारखा, आणि मला इतकं वाईट वाटत होतं की आणखी चिडावं असं वाटलं पण कोणावर चिडावं ते सुचेना. साखळीचं तेल माझ्या बोटांना लागलं होतं. रिकाम्या खुंटीकडं बघत होतो. तिथं काहीतरी पाहिजे होतं, बाकी काही नाही, नुसतं तिथं काहीतरी पाहिजे होतं. मी खिसे चाचपले. पासपोर्ट, तो देता येत नाही. घड्याळ, त्याच्यावर बोट गाठायची. चष्मा, तो डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. प्रत्येक वस्तू कशाला ना कशाला लागणारी, सगळी यादी मीच करून घेतलेली, एक फालतू वस्तू म्हणून घेतली नव्हती. रुमाल काढला आणि परत ठेवला, रुमाल काय ठेवायचा. रुमाल म्हणजे फसवणूक झाली. जे सोडलं तर माणसाचं अडतं तेच दावं.

मग मी कमरेचा पट्टा काढला. चामड्याचा, हैदराबादला घेतलेला, नव्या पॅन्टीबरोबर. पॅन्ट माझ्या मापाची नव्हतीच, शिंप्यानं जरा ढगळ शिवली होती. पट्टा निघाला तशी ती खाली सरकली आणि मला एका हातानं धरावी लागली. दुसऱ्या हातानं मी पट्टा खुंटीला अडकवला.

माय भाकरीचं फडकं घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती पट्ट्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. मग जवळ आली, पट्टा काढला आणि पुन्हा अडकवला, बक्कल वर येईल असा.

"तोंड खाली नसतंय सोडायचं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुला एवढं बी येत न्हाई. वकील झालास."

"माय, एखादं दावं दे बांधायला. पॅन्ट राहत नाही."

तिनं खुंट्यांच्या रांगेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर राग आला. "ही गेलेल्यांची हायत," ती म्हणाली. "तुला कशी दिऊ?"

म्हणून मी तसाच निघालो. एका हातात तट्टाचा लगाम, एका हातात पॅन्ट, गळ्यात साखळी, करडीच्या तेलाचे डाग सदऱ्यावर. पारावरचे लोक होतेच, ते कुठं जातात. "वकीलसाब, लंका बगून आलाव का?" एकानं विचारलं, आणि बाकीचे पोट धरून हसले. हात दोन्ही गुंतलेले असले की माणसाला शिव्याही धड देता येत नाहीत. वळणावर मी मागं बघितलं नाही, तट्टानं बघितलं, ते थांबलं, आणि माय वाड्याच्या दारात उभी आहे हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मी टाच मारली. तुरीच्या शेतांवर ऊन उतरायला लागलं होतं. बैल रात्रभर चालले तर गाडी मिळणार होती. मिळणार होती, असं मी मनाशी म्हणत होतो, पण माझं लक्ष खरं म्हणजे कमरेकडं होतं. तिथं काहीतरी नव्हतं, आणि ते नाही हे दर पावलाला कळत होतं. लंकेपर्यंत कळत राहणार होतं, नारळीच्या त्या रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. काय डोकं आहे या बाईचं, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

नाक्यावर बिभीषण खोक्याच्या सावलीतून उठला. सावली सरकली होती, तो तिच्याबरोबर सरकत गेला असावा. त्यानं माझ्या गळ्यातली साखळी बघितली, मग माझा कमरेवरचा हात बघितला, मग हाताच्या खाली, पट्टा असायचा ती जागा बघितली. हसला नाही. खोक्याला बांधलेली सुतळी विळ्यानं दोन हात कापली आणि माझ्या हातात दिली.

"ठिवलं का?" त्यानं विचारलं.

"ठिवलं," मी म्हणालो. "आता साखळी बसव बे, बघत काय बसलास."